स्क्रीन बदलली, आता लोकांचं मत घ्यायचं कसं?

तुझा प्रश्न मला समजला तो असा. तुमचं दूध संस्थांसाठी संकलनाचं सॉफ्टवेअर आहे, कोल्हापूर जिल्ह्यातल्या बऱ्याच गावांत चालतंय. संकलनाची स्क्रीन तुम्ही नव्यानं डिझाईन केली, कोपऱ्यात 'अभिप्राय द्या' असं बटण ठेवलं, महिना होत आला आणि मोजकेच मेसेज आलेत, त्यातले निम्मे 'छान आहे' आणि निम्मे शिव्या. व्हॉट्सअॅप ग्रुपवर मात्र राडा चाललाय. तुमच्या कंपनीचे मालक म्हणतात जुनं परत लावा. आणि तू विचारतोयस की कुणावर सक्ती न करता खरं मत कसं मिळवायचं, ग्रुप बंद करू का.

मी हेच काम बरीच वर्षं करतोय, दूध संस्था, खताची दुकानं, पतसंस्था, असल्या काउंटरवर बसणाऱ्या लोकांच्या स्क्रीन. त्यामुळं जरा लांबण लागंल, निवांत वाच.

पहिली गोष्ट. आपणहून आलेल्या अभिप्रायातून 'किती जणांना त्रास होतोय' हे कळत नाही, कधीच नाही, कितीही मेसेज येऊ देत. 'कुठं अडतंय आणि कशानं अडतंय' हे मात्र त्यातून झकास कळतं. सगळी गडबड होते ती आपण हे दोन प्रश्न एकात घालतो म्हणून. शंभर संस्थांतल्या बारा जणांनी लिहिलं, आठ जण नाराज, म्हणून ६७ टक्के नाराज असा हिशोब मालकासमोर ठेवायचा नाही. तो आकडाच नाही. लिहिणारे बाराच का लिहिते झाले हे तुला माहीत नाही आणि उरलेले अठ्ठ्याऐंशी का गप्प आहेत हे तर त्याहून माहीत नाही.

याचं जगातलं नामी उदाहरण १९३६ चं आहे. अमेरिकेत लिटररी डायजेस्ट नावाचं साप्ताहिक होतं, त्यांनी अध्यक्षाच्या निवडणुकीआधी एक कोटीच्या आसपास मतपत्रिका पोस्टानं पाठवल्या, २० लाखांहून जास्त भरून परत आल्या, आणि त्या बघून त्यांनी सांगितलं की लँडन हा उमेदवार निवडून येणार. आला रूझवेल्ट, आणि तोही ४८ पैकी ४६ राज्यं जिंकून. त्याच वेळी गॅलप नावाच्या मतचाचणीवाल्यानं त्याच्यापेक्षा कितीतरी कमी लोकांना विचारून बरोबर अंदाज दिला होता. डायजेस्टची यादीच मुळात फोन आणि मोटारवाल्यांकडं झुकलेली होती हे एक, पण दुसरं कारण आपल्या कामाचं, ज्यांनी मतपत्रिका परत पाठवायची तसदी घेतली ते लोकच वेगळे होते. वीस लाखांत जे साधलं नाही ते तुझ्या बारांत साधणार नाही.

मग हे बटण ठेवायचंच कशाला? ठेवायचं, पण त्याच्याकडून मोजणीचं काम घ्यायचं नाही, शोधायचं काम घ्यायचं. मोजणी दुसरीकडून करायची, त्यावर पुढं येतो.

आता तुझं बटण का चालंना ते बघू. सकाळी सहा-साडेसहाला संस्थेत काय चाललेलं असतं ते तू बघितलं असशीलच. दारात किटल्यांची रांग, ऑपरेटर एका हातानं कोड टाकतोय, काट्यावरनं वजन येतंय, मशीनवरनं फॅट आणि एसएनएफ (फॅट सोडून दुधातला बाकीचा घन भाग), एंटर, पावती, पुढचा. त्याची नजर स्क्रीनवर नसतेच, ती किटलीवर आणि माणसावर असते. अशा माणसाला तू स्क्रीनच्या कोपऱ्यात बटण दिलंस, ते दाबल्यावर एक चौकोन उघडतो आणि त्यात मराठी टाईप करायचं. कोण करणार? आणि करायचंच म्हटलं तर कधी, तर संकलन संपल्यावर, आणि तोवर नेमकं काय अडलं होतं ते डोक्यातनं गेलेलं असतं, राग तेवढा राहिलेला असतो. म्हणून तुला नुसता राग मिळतो. 'आधीचं बरं होतं' या वाक्यात डिझायनरनं हात घालावा असं काही नाही, पण ते वाक्य खोटं पण नाही.

विचारायची वेळ बदल. संकलन चालू असताना कसलाही पॉपअप नको, एकदाही नको. पाळी क्लोज केली की, म्हणजे गोषवारा छापला की, एकच प्रश्न दाखव, आणि तो प्रश्न आवडीचा नको, कामाचा पाहिजे. 'नवीन स्क्रीन कशी वाटली?' असं विचारलंस तर आपली माणसं 'भारी केलंय की' म्हणतात, समोरासमोर तर नक्कीच म्हणतात, पाहुण्याला कोण वाईट बोलतंय? त्याच्याऐवजी 'आज एखादी नोंद दुरुस्त करावी लागली का? कुठली?' असं विचार. याला उत्तर देताना माणसाला न्यायाधीश व्हावं लागत नाही, घडलेलं सांगायचं असतं, आणि घडलेलं सांगायला सगळ्यांना येतं.

उत्तर द्यायला व्हॉइस नोट ठेव. हे एक काम केलंस तरी अभिप्रायाचा दर्जा बदलेल. टाईप करायला सांगितलं की माणूस 'प्रॉब्लेम आहे' एवढंच लिहितो, बोलायला सांगितलं की तोच माणूस दोन मिनिटं सांगतो, 'आवो काय हुतंय, म्हशीचं घातलं की मग त्याच माणसाचं गायीचं घालायचं असतंय, तवा परत कोड मागतंय'. हे सोन्यासारखं वाक्य आहे, यात काम पण आहे, क्रम पण आहे, कुठं अडतंय ते पण आहे. शिवाय गडहिंग्लज, शिरोळ पट्ट्यात काही ऑपरेटर कानडीत जास्त मोकळे बोलतात, चंदगडकडची बोली वेगळी, त्यांना पुस्तकी मराठीत टाईप करायला लावणं म्हणजे गप्पच करणं आहे. ऐकून उतरवून घ्यायला माणूस लागेल, लागू दे. उतरवताना आपल्या भाषेत सुधारून लिहायचं नाही, तो बोलला तस्संच. सपोर्टची पोरं 'यूजरला नेव्हिगेशन इश्यू' असं लिहून ठेवतात आणि त्यातनं वरचं सगळं गळून जातं.

स्टार देऊ नकोस. पाच पैकी किती स्टार, हा प्रश्न अॅप स्टोअरसाठी ठीक, स्क्रीन सुधारायला त्याचा काडीचा उपयोग नाही. लोक स्टार देताना स्क्रीनला देत नाहीत, दराला देतात, सर्व्हिसवाला वेळेवर येतो का त्याला देतात, प्रिंटरला पण देतात. तुमचं शेतकऱ्यांसाठी मोबाईल अॅप पण असेल तर लक्षात ठेव, अॅपलची स्वतःची रेटिंग मागायची खिडकी एका अॅपसाठी एका माणसाला वर्षात जास्तीत जास्त तीनदा दिसते, आणि प्ले स्टोअरला बक्षीस देऊन रेटिंग घेतलेलं चालत नाही. त्यामुळं 'पाच स्टार द्या, रिचार्ज मिळवा' असली आयडिया कुणी काढली तर तिथंच थांबव. नियमात बसत नाही हे एक झालं, पण बसलं असतं तरी विकत घेतलेलं 'छान' घेऊन करायचं काय?

सिस्टिम यूजेबिलिटी स्केल म्हणून एक दहा प्रश्नांची यादी आहे, जॉन ब्रूकनं १९८६ ला केलेली, अजून जगभर वापरतात, शंभरपैकी गुण निघतात आणि ६८ च्या आसपास सरासरी धरतात. ती चांगली आहे, पण मोठा बदल करण्याआधी एकदा आणि सगळं स्थिर झाल्यावर एकदा, त्याच त्या लोकांना. दर अपडेटला दहा प्रश्न पुढं टाकलेस तर कोण उभं पण करणार नाही.

आता शिव्यांचं. बदल झाल्यावर पहिले काही दिवस येणारा राग हा बऱ्याचदा बोटांची सवय मोडल्याचा असतो. ऑपरेटर काय वाचून काम करत नाही, बोटंच करतात. कोड, एंटर, एंटर, एफ-टू. तू एक रकाना इकडचा तिकडं केलास की बोटं चुकीच्या जागी पडतात, आणि माणसाला वाटतं सॉफ्टवेअर बिघडलं. हा राग खरा आहे, पण तो डिझाईन वाईट असल्याचा पुरावा नाही, आणि चांगलं असल्याचा तर नाहीच. नुसत्या आवाजावरनं यातलं काहीच ठरत नाही.

फेसबुकनं सप्टेंबर २००६ मध्ये न्यूज फीड, म्हणजे मित्रांच्या हालचाली एकाखाली एक दाखवणारी यादी, आणली तेव्हा लाखो पोरांनी त्याच्या विरोधात तिथंच ग्रुप काढला. न्यूज फीड राहिली, आज तिच्याशिवाय ते फेसबुक वाटणारच नाही. दुसरीकडं मायक्रोसॉफ्टनं २०१२ ला विंडोज ८ मधनं स्टार्ट बटण काढलं, लोक ओरडले, आणि २०१३ ला ८.१ मध्ये ते बटण परत आलं. दोन्हीकडं आरडाओरडा सारखाच, निकाल उलटे. पण मला त्या फेसबुकच्या गोष्टीतला वेगळाच भाग महत्त्वाचा वाटतो. त्या गोंधळात एक तक्रार खरी होती, की माझी कुठली हालचाल कुणाला दिसावी हे माझ्या हातात नाही. ती त्यांनी उचलली, तीन-चार दिवसांत प्रायव्हसीचे पर्याय दिले, आणि फीड तशीच ठेवली. म्हणजे गर्दी म्हणतेय 'काढून टाका', आणि खरं दुखणं आहे 'आम्हाला ताबा द्या'. लोक उपाय सांगतात, आपण त्यातनं दुखणं शोधायचं. तुझ्या ग्रुपवर 'जुनं परत करा' म्हणणाऱ्या प्रत्येकाला फोन लावून एवढंच विचार, 'जुन्यात काय पटकन व्हायचं जे आता होत नाही?' बघ, चार-पाच ठरावीक गोष्टी निघतील.

त्यातल्या सगळ्या सारख्या वजनाच्या नसतात हे पण बघ. रंग फिका वाटतो, फॉन्ट बारीक आहे, आणि गाय-म्हैस निवडायचं आता माऊसनं करावं लागतंय, या तिन्ही तक्रारी तुझ्या एक्सेलमध्ये एकेक ओळ घेतात. पण तिसरीत पैसे आहेत. घाईत म्हशीचं दूध गायीत पडलं की दर बदलला, शेतकऱ्याचं बिल चुकलं, आणि बिल चुकलं की शिव्या तू नाही खात बसत, ऑपरेटर खातो, गावासमोर. एकाच माणसानं सांगितलं असलं तरी ही तक्रार सगळ्यात वर. आणि उलट बघ, फॉन्टबद्दल एकाच सचिवानं पंधरा मेसेज टाकले तर ती एक तक्रार, पंधरा नव्हेत.

सचिवाचा विषय निघालाच म्हणून सांगतो. बटण दाबून लिहिणारा कोण आहे हे बघ. बऱ्याच ठिकाणी लिहितात सचिव किंवा चेअरमन, आणि स्क्रीनवर बसतो वेगळाच माणूस, कधी त्याचा पुतण्या, कधी गावातली बारावी झालेली पोरगी. सचिवाला रिपोर्ट चांगला दिसला की सॉफ्टवेअर चांगलं. ऑपरेटरला कुणी विचारत नाही, आणि विचारलं तरी सचिव शेजारी उभा असताना तो काय बोलणार? म्हणून प्रत्येक अभिप्रायाला 'कोण' चा रकाना पाहिजे, ऑपरेटर, सचिव, डेअरीचा सुपरवायझर, शेतकरी. नाव नको, काम पाहिजे. त्याच्याबरोबर तारीख, कुठली आवृत्ती, कुठली स्क्रीन, तेव्हा काय काम चाललं होतं, आणि त्याचे शब्द. एवढे रकाने पुरे.

शेतकऱ्याला विसरू नकोस. तो तुझी स्क्रीन वापरत नाही पण पावती वाचतो. नव्या डिझाईनमध्ये पावतीवरचा फॅटचा आकडा बारीक झाला असेल तर तुला तो कधीच लिहिणार नाही, तो खिडकीत ऑपरेटरला विचारणार 'किती लागली रं फॅट?', आणि ऑपरेटरचा दर माणशी वेळ वाढणार, आणि मग ऑपरेटर तुला सांगणार की सॉफ्टवेअर स्लो झालंय. तू सर्व्हर तपासत बसशील.

कळीचा मुद्दा आता येतो, कालावधी. महिना झाला म्हणतोस, पण दूध संस्थेचं घड्याळ महिन्याचं नाही. आपल्याकडं बिल दहा दिवसांचं. रोजच्या संकलनाच्या तक्रारी दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी येतात, बिलाच्या तक्रारी दहाव्या-अकराव्या दिवशी, कपाती, पशुखाद्याची उधारी, बँकेची यादी, हे सगळं तेव्हाच उघडतं. आणि दिवाळीच्या तोंडावर फरक, म्हणजे शेतकऱ्याला वर्षाच्या दुधावर द्यायची जादा रक्कम, काढायची स्क्रीन तर वर्षातनं एकदाच लागते. त्या स्क्रीनवर जूनमध्ये मत मागशील तर जो देईल तो ठोकून देईल. ज्या स्क्रीनचा वापर ज्या दिवशी, तिचा प्रश्न त्या दिवशी. निदान दोन-तीन बिलं होईपर्यंत डिझाईनबद्दल निकाल द्यायचा नाही, मालकांना हेच सांग, कॅलेंडर दाखवून सांग. आणि दिवाळीच्या आधीच्या महिन्यात स्क्रीन बदलायचीच नाही, कितीही सुंदर असू दे.

आता गप्प बसलेल्यांचं. इथं सक्ती न करता पण हातपाय हलवावे लागतात. तुमच्या सगळ्या संस्थांची यादी घे, डोळे झाकून चिठ्ठ्या काढल्यासारख्या थोड्या संस्था काढ, तुझ्या ओळखीच्या नाही, डीलरनं सुचवलेल्या नाही, आणि त्यांना सकाळी दहा-अकराच्या सुमाराला फोन कर, सकाळची पाळी उरकलेली असते, संध्याकाळची लांब असते. 'सांगायची इच्छा नसली तर काय हरकत नाही' हे पहिल्याच वाक्यात बोल, मनापासून बोल. आणि मग बटणावर जे आलंय तेच इथं येतंय का ते ताडून बघ. बटणावर सगळे म्हणतात फॉन्ट, आणि फोनवर कुणीच फॉन्टचं नाव काढत नाही, तर फॉन्टचा आवाज मोठा होता एवढंच. उलट फोनवर एकामागून एक जण म्हणायला लागले की 'ते पहिल्यांदा रात्रीचा बॅकअप आपोआप व्हायचा, आता काय दिसंना', तर हे बटणावर का आलं नाही? कारण अडलेलं दिसतच नव्हतं, म्हणून.

आणि गगनबावडा, चंदगड, शाहूवाडी, राधानगरीच्या आतल्या गावांत नेटच धड नसतं. तुझं बटण नेट असलं तरच पाठवत असेल तर डोंगरातली गावं तुझ्या आकड्यात नाहीतच, आणि हातकणंगले-करवीरचं मत तू जिल्ह्याचं मत म्हणून धरतोयस. अभिप्राय कॉम्प्युटरवरच साठवून ठेव, नेट आलं की जाऊ दे. हे डेव्हलपरसाठी थोडक्यातलं काम आहे पण कोण करत नाही.

प्रत्यक्ष जाऊन बसण्याला पर्याय नाही, हे मी कितीही सांगितलं तरी पोरं गूगल फॉर्मच करतात. वापरायला सोप्या स्क्रीनचा अभ्यासक जेकब नील्सननं २००० साली लिहिलेलं सगळे सांगतात, पाच लोकांना वापरताना बघितलं की जवळजवळ ८५ टक्के अडचणी सापडतात. ते बरोबर आहे पण अर्धं सांगतात. ते पाच जण एकाच प्रकारचे वापरणारे असले तर, आणि एकाच प्रकारच्या कामासाठी. तुझ्याकडं ऑपरेटर वेगळा, सचिव वेगळा, म्हणजे प्रत्येकातले थोडे थोडे. जाऊन बस, काही शिकवू नकोस, 'इथं क्लिक करा' म्हणायचं नाही, तोंडात गूळ धरून बस. तो अडला की किती वेळ अडतो ते बघ, आणि अडल्यावर कुठं बघतो ते बघ. कॉम्प्युटरशेजारची वही बघ. मॉनिटरला चिकटवलेली चिठ्ठी बघ, त्यावर जे कोड लिहिलेत ते तुझ्या स्क्रीननं दाखवायला पाहिजे होते. वहीत जे लिहून मग सॉफ्टवेअरमध्ये भरतात ते तुझ्या स्क्रीनला जमत नाही. यापेक्षा प्रामाणिक अभिप्राय नाही, आणि द्यायला त्या माणसाला कष्ट पण नाहीत. जायच्या आधी विचारून जा मात्र, पहाटे अचानक टपकू नकोस, त्यांना वाटतं तपासणी आली.

जुनी स्क्रीन ठेवायची का? ठेव, थोडे दिवस. 'जुन्या स्क्रीनवर जा' असं बटण स्पष्ट दिसेल असं दे, आणि तिकडं जाताना एकच प्रश्न, 'कशासाठी चाललाय?', उत्तर नाही दिलं तरी जाऊ दे, अडवायचं नाही. इथं जे मिळतं ते मला सगळ्यात जास्त भरवशाचं वाटतं, कारण माणूस त्या क्षणी नेमकं काहीतरी करायला निघालेला असतो. कोण कुठल्या कामाला जुनीकडं जातंय याची मोजणी पण होते, मघाशी म्हटलं ती मोजणी. समज संकलन सगळे नवीनवर करतायत आणि दुरुस्तीला तेवढे जुनीकडं पळतायत, तर तुझी संकलनाची स्क्रीन बरी आहे, दुरुस्तीची फसलीय. मालक म्हणतात तसं सगळंच परत लावायची गरज नाही. पण जुनी बंद कधी होणार ती तारीख पहिल्या दिवसापासून तिथंच लिहिलेली पाहिजे, नाहीतर दोन-दोन स्क्रीन सांभाळत म्हातारा होशील.

वापराची अशी मोजणी म्हणजे पण एक प्रकारचा स्वेच्छेचा अभिप्रायच, फक्त विचारून घेतलेला पाहिजे. मायक्रोसॉफ्टनं ऑफिस २००७ ची रिबन, म्हणजे वरची बटणांची पट्टी, केली त्याआधी ज्यांनी होकार दिला अशा लोकांच्या वापराची माहिती गोळा केली होती. त्यात दिसलं की वर्ड २००३ मध्ये पेस्ट, सेव्ह, कॉपी, अनडू आणि बोल्ड या पाचच आज्ञा मिळून एकूण वापराच्या ३२ टक्के होत्या. एकटी पेस्टच ११ टक्क्यांच्या वर. असलं कुठल्या फॉर्ममध्ये कोण लिहून देणार, कुणाला माहीतच नसतं आपण किती वेळा पेस्ट करतो. पण होकार दिलेले लोक म्हणजे सगळे लोक नव्हेत, हे तिथं पण लागू. लिनक्सवरचा ग्नोम नावाचा डेस्कटॉप बनवणाऱ्यांनी २०२२ ला तो वापरणाऱ्या लोकांना 'एक छोटा प्रोग्रॅम स्वतःच चालवून आम्हाला माहिती पाठवा' असं आवाहन केलं, अडीच हजारांच्या वर लोकांनी पाठवली, त्यांचं भलं झालं. पण असलं आवाहन वाचून कमांड चालवणारा माणूस हा साधा वापरणारा नसतो, आणि तो आकडा वाचताना हे डोक्यात ठेवूनच वाचावा लागतो.

होकाराबद्दल जरा गंभीरपणे. २०२३ चा डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायदा आहे, त्यात संमती मोकळेपणानं, कशासाठी ते सांगून घेतलेली पाहिजे, आणि ती देणं जितकं सोपं तितकंच काढून घेणं सोपं पाहिजे. तुझं बटण अभिप्रायासोबत स्क्रीनशॉट आपोआप जोडतंय का ते आजच बघ. त्या स्क्रीनवर शेतकऱ्याचं नाव, मोबाईल, कधी बँक खातं असतं. ऑपरेटरनं अभिप्राय दिला, शेतकऱ्यानं नाही दिला. ते रकाने झाकून मगच स्क्रीनशॉट जाऊ दे, आणि पाठवायच्या आधी दाखव काय जाणार आहे ते. फोन रेकॉर्ड करणार असशील तर आधी सांग. व्हॉइस नोट काम झालं की पुसून टाक. यात घाबरवायचं काही नाही, पण गावात एकदा बोभाटा झाला की 'हे आपलं सगळं बघत्यात', मग त्या तालुक्यातनं पुढं कोण तोंड उघडत नाही.

लोकांनी परत परत सांगावं असं वाटत असेल तर उत्तर दे. प्रत्येकाला. 'आपला अभिप्राय महत्त्वाचा आहे' हे उत्तर नव्हे, त्याला कोल्हापुरात काय म्हणतात ते तुला माहीत आहे. 'तुम्ही म्हशीनंतर गायीचं म्हणालात ते करतोय, पुढच्या अपडेटला येईल' हे उत्तर. नाही करणार असशील तर 'नाही, कारण असं असं' हे पण उत्तर, आणि लोकांना ते चालतं, खरंच चालतं, गप्प बसलेलं चालत नाही. अपडेटच्या नोंदीत 'ऑपरेटरांनी सांगितल्यामुळं बदललं' असं लिही, संस्थेचं नाव घालायचं तर विचारून घाल. बक्षिसाची काही गरज नसते, आपण बोललो आणि स्क्रीन बदलली हे दिसलं की माणूस दुसऱ्यांदा स्वतः फोन करतो.

राहिला ग्रुप. बंद करू नकोस, बंद केलास तर तीच माणसं दुसरा काढतील आणि त्यात तू नसशील. पण मत घ्यायची ती जागा नव्हे. ग्रुपवर पहिला जो बोलतो त्याचाच सूर सगळे धरतात, ज्याला नवीन स्क्रीन बरी वाटते तो तिथं कशाला वाईटपणा घेईल, आणि एकानं अंगठा दाखवला की चाळीस अंगठे. तिथं मतदान टाकू नकोस, 'जुनी की नवीन' असला पोल तर अजिबात नको, निकाल लागला की तो पाळावा लागतो. ग्रुपवर फक्त सूचना टाक, अपडेट काय आलं, जुनी स्क्रीन कधीपर्यंत, आणि एक नंबर दे ज्यावर व्हॉइस नोट एकट्यानं पाठवता येईल. कुणी ग्रुपवर भडकला तर तिथं वाद घालायचा नाही, 'फोन करतो दहा वाजता' एवढं लिही, आणि दहाला फोन कर.